पोहे, पोहा आणि फोव

चहाबरोबर खावयाच्या एका साध्या पदार्थावरून शिक्षकदालनात दोन दिवस वाद चालावा आणि अखेरीस आपल्या हातून एका विद्यार्थ्यावर नकळत अन्याय झाला, असे सर्वांना वाटावे, असा प्रसंग काही वर्षांपूर्वी आमच्या इंदूरच्या शाळेत घडला. ‘आमच्या घरचा रविवार’ या विषयावरील निबंधात सहावीतील एका मुलाने लिहिले होते : ‘चहाच्या वेळी आईने पोहा केला. आम्ही सर्वांनी पोहा खाल्ला.’ मराठीच्या शिक्षकांनी दोन्ही वाक्यांखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात विचारले : ‘सर्वांनी मिळून एकच पोहा खाल्ला काय?’ शेरा वर्गात वाचला गेला आणि हशा पिकला. पुढच्या निबंधात त्याच मुलाने ‘आम्ही अल्पोपाहार केला’ असे लिहिले. वाक्य निर्दोष होते. परंतु त्यातून आई, कढई आणि रविवार ही तिन्ही नाहीशी झाली होती.

या निबंधावरून वादास तोंड फुटले. सांगलीकडून आलेल्या बाईंचे म्हणणे असे, की ‘पोहे’ हाच शब्द खरा, ‘पोहा’ ही हिंदीची नक्कल होय. ज्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात नांदले, ते गुरुजी म्हणाले, ‘अहो बाई, आमच्या आजीही पोहाच म्हणत असत, त्या काय मराठी नव्हत्या?’ गोमंतकातून आलेले आमचे एक सहकारी शांतपणे म्हणाले, की आमच्याकडे तर हे दोन्ही नव्हेत, आम्ही ‘फोव’ म्हणतो. वाद खेळीमेळीचा होता, पण त्यातील प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे, असे आम्हांस वाटले.

प्रथम उच्चाराकडे वळू. या शब्दाचे मूळ संस्कृत ‘पृथुक’ हे आहे. पृथु म्हणजे रुंद, पसरट. भात भिजवून, भाजून, उष्ण असतानाच मुसळाखाली चेपला की दाणा पसरट होतो, तोच पृथुक. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘थ’चा ‘ह’ होतो. ‘गाथा’ची ‘गाहा’ झाली, हे ‘गाहासत्तसई’ या नावावरून आपणा सर्वांस ठाऊक आहे. तसेच ‘पृथिवी’ची ‘पुहवी’ झाली. या दोन उदाहरणांवरून ‘पृथुक’चा ‘पोहा’ कसा झाला, हे वर्गातील मुलांसही सहज समजावून देता येईल. आता ‘फोव’ घ्या. मधला ‘ह’कार पुढे सरकून आरंभीच्या ‘प’ला मिळाला की ‘फ’ ऐकू येतो. ‘महिषी’पासून ‘म्हैस’ होताना ‘ह’ने असाच स्थलबदल केला आहे. तेव्हा ‘फोव’ हा ‘पोहे’ या शब्दाचा बिघाड नसून त्याच मूळ शब्दाची दुसरी शाखा आहे. वडोदऱ्याच्या मराठी घरांत कानी पडणारा गुजराती ‘पौंआ’ हाही त्याच कुळातला. बेळगावच्या बाजारात ऐकू येणारा कन्नड ‘अवलक्की’ मात्र वेगळ्या कुळातला शब्द आहे.

वचनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रमाण मराठीत ‘पोहा’ म्हणजे एक दाणा आणि पदार्थ म्हटला की ‘पोहे’. म्हणूनच आपण ‘सुदाम्याचे पोहे’ म्हणतो, आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदी लेखसंग्रहाचे नावही तेच आहे. वधूपरीक्षेस ‘कांदेपोह्यांचा कार्यक्रम’ म्हणतात, तेथेही अनेकवचनच आहे. हिंदीत मात्र ‘पोहा’ हा सबंध पदार्थ असून तो एकवचनी आहे. इंदूरच्या मुलाच्या कानावर दिवसभर तोच प्रयोग पडतो. गुजरातीत ‘पौंआ’ अनेकवचनीच असल्यामुळे वडोदऱ्याच्या मुलाला ही अडचण येत नाही.

तथापि मुलाच्या चुकीत तर्क नाही, असे म्हणता येत नाही. भात, शिरा, उपमा हे सर्व एकवचनी. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की आपण ‘पोहे भिजवले’ म्हणतो, परंतु ‘साबुदाणा भिजवला’ म्हणतो. दोन्हींत दाणेच असताना एकाचे दाणे मोजावयाचे आणि दुसऱ्याची रास धरावयाची, हा भेद कोणत्या नियमाने ठरला? तो केवळ रूढीने ठरला. जेथे रूढी हाच आधार आहे, तेथे निराळ्या रूढीत वाढलेल्या मुलास हसण्याचा अधिकार आपणास कोठून मिळाला?

पदार्थ वाढण्याच्या रीतींतही हेच दिसते. पुण्याकडील घरांत फोडणीच्या पोह्यांवर ओले खोबरे व कोथिंबीर पेरतात आणि बशीच्या कडेला लिंबाची फोड ठेवतात. कोकणात पातळ पोह्यांत ओला नारळ व कांदा घालून ते वजनाखाली दडपून ठेवतात, म्हणून ते ‘दडपे पोहे’. नागपुरास पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. गोमंतकात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे दहन झाल्यावर व कारीट पायाखाली फोडल्यावर दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गोड आणि तिखट असे फोव एकाच पंगतीस येतात. आमच्या इंदुरात पोहे वाफेवर ठेवतात, त्यात बडीशेप घालतात, वर शेव व जिरावण पसरतात आणि शेजारी जिलबी ठेवतात. सांगलीच्या बाईंना पोह्यांबरोबर जिलबी हा प्रथम अधर्म वाटला होता. पुढे त्याच आम्हांस सराफ्यातील जिलबी आणावयास सांगू लागल्या. होळकरांची राजधानी 1818 मध्ये महेश्वराहून इंदुरास आली, त्याच्या आगेमागे आलेल्या मराठी कुटुंबांनी माळव्याची शेव आपल्या पोह्यांवर घेतली, यात त्यांचे मराठीपण उणावले असे कोणी म्हणणार नाही. मग माळव्याचा एखादा शब्द जिभेवर आला तर ते का उणावावे?

इंग्लंडातही चहाच्या वेळच्या ‘स्कोन’ नामक छोट्या भाजलेल्या वडीवरून असाच वाद चालतो. कोणी तिला ‘स्कोन’ म्हणतात, कोणी ‘स्कॉन’. तिच्यावर डेव्हन परगण्यात आधी दाट साय व मग मुरंबा, तर कॉर्नवॉलमध्ये आधी मुरंबा व मग साय घालतात. दोन्हीकडचे लोक एकमेकांची थट्टा करतात. पण दुसऱ्याला इंग्रजी येत नाही, असे त्यावरून कोणी ठरवीत नाही. आपल्याकडे मात्र महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाचा एखादा शब्द वेगळा निघाला, की त्याच्या मराठीविषयीच शंका घेतली जाते, आणि ती शंका पुष्कळदा आपण शिक्षकच घेतो.

याचा अर्थ शुद्धाशुद्ध पाहू नये, असा मुळीच नाही. आमच्या मते येथे तीन गोष्टी निराळ्या ठेवाव्यात. ‘फोव’सारखा उच्चारभेद हा वारसा आहे, तो सुधारण्याच्या भरीस पडू नये. वाढण्याची रीत ही घराची आहे; तिच्यात शिक्षकाने पडूच नये. ‘पोहा खाल्ला’ हा वचनाचा प्रश्न आहे. तेथे प्रमाण रूप अवश्य शिकवावे, कारण उद्या त्याच मुलाला सर्वत्र वाचले जाईल असे मराठी लिहावयाचे आहे. परंतु ते कारणासह शिकवावे. घरी काय म्हणतात ते आधी विचारावे, ते फळ्यावर लिहावे, त्याशेजारी प्रमाण रूप लिहावे आणि दोहोंतील नाते उलगडून दाखवावे. एवढ्यास दहा मिनिटे पुरतात.

मराठीच्या त्या शिक्षकांनी तसेच केले. त्यांनी वर्गात आपला शेरा मागे घेतला आणि प्रत्येक मुलास घरच्या पाच पदार्थांची नावे आजीस विचारून आणावयास सांगितली. ज्या मुलाचा निबंध होता, त्याने पाचांऐवजी अकरा नावे आणली. त्यांतील दोन शब्द आम्हांपैकी कोणीही ऐकलेले नव्हते. ते आम्ही शाळेच्या वहीत टिपून ठेवले आहेत. इतर केंद्रांतील शिक्षकबंधूंनी व भगिनींनी आपापल्या शाळेत अशी एक वही ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.