वस्तीतले वाचनालय कोणाच्या पैशावर चालते? कार्यक्रम, वर्गणी आणि हिशेब यांचे साधे गणित

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये पावतीपुस्तके बाहेर पडतात. घरोघर जयंतीची वर्गणी जमते आणि पंधरा दिवसांत मंडप, रोषणाई, डीजे, मिरवणूक असे सगळे उभे राहते. त्याच वस्तीतल्या वाचनालयाचे वीजबिल मात्र थकलेले असते. मी काम करते त्या वस्तीत काही वर्षांपूर्वी हे डोळ्यांनी पाहिले. बिल भरायला पैसे नाहीत म्हणून संध्याकाळी सातनंतर अभ्यासिका बंद करावी लागली. मुले पुस्तके उचलून एसटी स्टँडवर दिव्याखाली जाऊन बसली. मुली घरी गेल्या. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे टीव्ही चालू असतो आणि लहान भावंडे असतात, तिथे त्यांचा अभ्यास थांबला.

जयंती थाटात व्हावी याला माझा विरोध नाही. प्रश्न वेगळा आहे. जी वस्ती जयंतीसाठी पैसा उभारू शकते, ती वाचनालयासाठी का उभारू शकत नाही? लोक कंजूष आहेत हे उत्तर मला कधीच पटले नाही. माझ्या अनुभवात कारणे दोन आहेत. वाचनालय लोकांच्या दारात फक्त मागायला येते, एरवी दिसत नाही. आणि दिलेल्या पैशाचे काय झाले हे लोकांना कळत नाही. ही दोन्ही कारणे आपल्याला दूर करता येण्यासारखी आहेत.

अनुदान मिळते, मग वर्गणी कशाला?

हा प्रश्न वर्गणी मागताना हमखास येतो, म्हणून त्याचे उत्तर कार्यकर्त्यांना पाठ हवे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ चा कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले जातात आणि वर्गानुसार परिरक्षण अनुदान मिळते. खेड्यापाड्यांतली आणि वस्त्यांमधली कितीतरी वाचनालये शेवटच्या म्हणजे ड वर्गात असतात. २०२२ साली सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्या वाढीनंतर ड वर्गाचे अनुदान वर्षाला ३०,००० वरून ४८,००० रुपये झाले.

४८,००० म्हणजे महिन्याला ४,०००. त्यातली निम्मी रक्कम ग्रंथपालाच्या मानधनाला गेली, तर त्याच्या हातात महिना २,००० पडतात. उरलेल्या २,००० मध्ये वर्तमानपत्रे, मासिके, नवी पुस्तके, वीज, जागेचे भाडे आणि लेखापरीक्षण बसवायचे. शिवाय अनुदान हप्त्यांनी येते आणि हप्ता लांबला तरी बिले थांबत नाहीत. अनुदानाची कल्पनाच अशी आहे की खर्चाचा काही वाटा वाचनालयाने स्वतः उभा करावा. म्हणून लोकवर्गणी हा वाचनालयाच्या रचनेचाच भाग आहे.

आपल्या चळवळीलाही हे नवे नाही. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग सुरू करणे हेही होते. ज्यांना शाळेत बाहेर बसवले जात होते, त्यांच्यासाठी वाचनालय ही हक्काची जागा होती. आज ती जागा वीजबिलासाठी बंद पडावी, हे आपल्याला शोभत नाही.

आधी कार्यक्रम, मग पावतीपुस्तक

पैसे मागण्याआधी वर्षभर वाचनालय लोकांच्या उपयोगी पडले पाहिजे. त्यासाठी मोठे वक्ते आणि मोठा मंडप लागत नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त गर्दी झाली ती शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या शिबिराला. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज कसा भरायचा, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, बँक खात्याला आधार जोडले आहे का, हे दोन पदवीधर मुलांनी रविवारी बसून सांगितले. खर्च झाला तो चहाचा आणि झेरॉक्सचा. ज्या आईच्या मुलीचा अर्ज त्या दिवशी भरला गेला, तिने पुढे वर्गणी देताना "कशाला?" असे विचारले नाही.

वर्षाचे वेळापत्रक आपल्या दिनविशेषांतच तयार असते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त महिलांचे वाचन ठेवता येते. ११ ते १४ एप्रिल या दिवसांत ग्रंथप्रदर्शन भरवता येते. १२ ऑगस्ट हा डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, त्या दिवशी आपल्या ग्रंथपालाचा साधा सत्कार करावा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि २६ नोव्हेंबरला संविधान दिन असतो. वर्षावासात विहारात तीन महिने ग्रंथवाचन चालते. तिथे ऐकायला येणाऱ्या बहुतेक आयाबहिणी वाचनालयाची पायरी चढलेल्या नसतात. ग्रंथपालाने आठवड्यातून एकदा पुस्तकांची पेटी विहारात नेली, तर नवे वाचक तिथेच मिळतात.

एक पथ्य पाळावे. वाचनालय सार्वजनिक आहे, म्हणजे ते शेजारच्या गल्लीतल्या प्रत्येक जातीधर्माच्या मुलासाठीही आहे. निमंत्रण सगळ्यांना जावे. आपल्याला दारे बंद होती, हे लक्षात ठेवून आपली दारे उघडी ठेवायची.

पैसा कुठून आणायचा?

पहिला आणि सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे लहान, पण नियमित वर्गणी. समजा २०० घरांनी महिन्याला २० रुपये दिले, तर महिन्याचे ४,००० आणि वर्षाचे ४८,००० होतात. म्हणजे २०२२ च्या वाढीनंतरच्या ड वर्गाच्या अनुदानाएवढी रक्कम वस्तीने स्वतः उभी केली. २० रुपये म्हणजे एखाद-दुसऱ्या चहाचे पैसे. मोठी देणगी एकदा येते आणि देणाऱ्याचे नाव मागे ठेवून जाते. २० रुपयांची वर्गणी दर महिन्याला येते आणि देणाऱ्याला वाचनालय आपले वाटू लागते.

दुसरा मार्ग जयंती समितीशी बोलण्याचा. जमलेल्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा वाचनालयाला द्यावा, असा ठराव पहिल्याच बैठकीत मांडावा. मिरवणूक संपल्यावर मागितले, तर शिल्लक काहीच नसते. हा ठराव तरुणांनी मांडला तर अधिक चांगले, कारण अभ्यासिकेत तेच बसतात.

तिसरा मार्ग वस्तूंचा. जयंतीला आणि ६ डिसेंबरला फुले-मेणबत्त्यांऐवजी "एक वही, एक पेन" आणण्याची प्रथा आपल्याकडे रुजली आहे. त्या वह्या वाचनालयातून वाटल्या, तर खऱ्या गरजूंपर्यंत जातात. पुस्तके मागताना मात्र यादी द्यावी. नाहीतर एकाच ग्रंथाच्या आठ प्रती आणि जुनी गाइडे गोळा होतात, आणि स्पर्धा परीक्षेचे चालू वर्षाचे पुस्तक एकही येत नाही. हवी ती पुस्तके किमतीसह फलकावर लिहावीत. वाढदिवस, पुण्यानुमोदन किंवा लग्नाच्या निमित्ताने एखादे कुटुंब त्यातले एक पुस्तक घेऊन देते.

चौथा मार्ग शासकीय योजनांचा. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून काम करते. पुस्तके, फर्निचर, इमारत अशा गोष्टींसाठी त्याची मदत मिळते. काही योजनांत वाचनालयाला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. म्हणजे इथेही वस्तीची वर्गणी हाताशी असेल, तरच बाहेरचा पैसा येतो. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

राजकीय देणगीबाबत सावध राहावे. पैसे घ्यायचे असतील तर पावती देऊन घ्यावेत. पण त्या बदल्यात वाचनालयाच्या दारावर कोणाचा फ्लेक्स लागणार नाही, हे आधीच सांगावे.

कायद्याच्या चार गोष्टी

एक, वाचनालय सोसायटी नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० यांखाली नोंदलेले असेल, तर संस्थेच्या छापील, क्रमांक घातलेल्या पावतीवरच पैसे घ्यावेत. नोंदणी नसलेल्या समितीला वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते.

दोन, खाते आणि क्यूआर कोड संस्थेच्या नावाचा हवा, खजिनदाराच्या नावाचा नको.

तीन, देणगीवरची करसवलत संस्थेने त्यासाठी नोंदणी केली असेल तरच मिळते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांनाही मिळत नाही. म्हणून खोटे आश्वासन देऊ नये.

चार, परदेशातल्या नातेवाइकांनी परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर त्यांची देणगी घेण्यासाठी विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे घ्यायला अशी अडचण नाही.

हिशेब भिंतीवर

आमच्या पहिल्या मोहिमेत आम्ही चूक केली. घाईत एका कार्यकर्त्याच्या खात्याचा क्यूआर कोड छापला. त्याने एक रुपयाही खाल्ला नव्हता, पण हिशेब कोणी लावला नाही. कुजबुज सुरू झाली आणि पुढच्या वर्षी दारे उघडेनात. तो प्रामाणिक मुलगा काम सोडून गेला. पैशांपेक्षा ते नुकसान मोठे होते.

त्यानंतर आम्ही एकच नियम केला. दर महिन्याच्या पाच तारखेला वाचनालयाच्या दाराशी एक कागद लागतो. किती जमले, किती खर्च झाले, किती शिल्लक आहे, एवढेच त्यावर असते. खाली दोघांच्या सह्या, त्यातली एक महिला सभासदाची. वीजबिलाची झेरॉक्स शेजारी चिकटवलेली असते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना शाळेतली मुले मोठ्याने वाचून दाखवतात. वर्षअखेरीचे लेखापरीक्षण कायद्याने होतेच, पण लोकांचा विश्वास बसला तो या कागदावर.

आता आमची अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी असते. शेवटच्या तासाला दोन पालक आळीपाळीने दाराशी बसतात, म्हणून मुलीही थांबतात. हे कोणा मोठ्या दात्याने केलेले नाही.

तुमच्या वस्तीतल्या वाचनालयात या आठवड्यात एकदा जा. वीजबिल किती येते आणि ते कोण भरते, एवढेच ग्रंथपालाला विचारा. पुढच्या बैठकीत काय मांडायचे, ते तिथेच कळेल.

जय भीम!