पडवीतला कॅमेरा आणि माजघरातला राउटर

कोकणातील वडिलार्जित घरात वृद्ध आईवडील तेवढे उरले आहेत आणि मुले मुंबई-पुण्यास किंवा आखाती देशांत स्थिरावली आहेत, अशा अनेक कुटुंबांनी अलीकडे पडवीच्या खांबावर एक लहानसा वायफाय कॅमेरा बसवून घेतला आहे. फाटकापासून ओटीपर्यंतचे दृश्य परगावच्या मुलाला मोबाइलवर हवे तेव्हा दिसावे, एवढीच त्यामागची अपेक्षा. परंतु चित्र मध्येच गोठते आणि ‘कॅमेरा ऑफलाइन आहे’ असा मजकूर पडद्यावर उमटतो, तेव्हा दूर बसलेल्या माणसाच्या जिवाची जी घालमेल होते ती क्षुल्लक म्हणता येणार नाही. मग ब्रॉडबँडवाल्याकडे तक्रार जाते, अधिक वेगाचा महागडा प्लॅन घेतला जातो, आणि चित्र गोठायचे ते गोठतच राहते.

याचे कारण असे की, प्लॅनचा वेग राउटरपर्यंत पोचतो. राउटरपासून कॅमेऱ्यापर्यंतच्या त्या पाचपन्नास फुटांची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही. फुल एचडी कॅमेऱ्याला साधारणतः 2 ते 4 एमबीपीएस एवढाच वेग पुरतो, आणि तोही अपलोडचा; कारण आपण पाहतो तो चित्रपट घरात येत असतो, तर कॅमेऱ्याचे चित्र घरातून बाहेर जात असते. राउटरच्या मानाने कॅमेऱ्याचा प्रक्षेपक बहुधा दुर्बळ असतो. त्यामुळे राउटरचे म्हणणे कॅमेऱ्याला ऐकू येते, पण कॅमेऱ्याचे राउटरला नीट ऐकू येत नाही, असा प्रकार घडतो. आणि मोबाइलवर रेंजच्या दांड्या भरपूर दिसूनही पडवीतील चित्र तुटते, त्याचा उलगडा पुष्कळदा येथेच होतो.

जगदीशचंद्र बसू यांनी 1895 साली कलकत्त्यात अतिलघु विद्युत्-चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. भिंत लहरींना अभेद्य नसते हे तेव्हापासून सर्वांना ठाऊक आहे; परंतु प्रत्येक भिंत आपली जकात वसूल करूनच त्यांना पुढे सोडते. विटांची अर्धी भिंत थोडक्यात भागवते, जांभ्या चिऱ्याची फूट-दीड फूट जाडीची भिंत बरेच काही घेते. आणि जांभा सच्छिद्र असल्यामुळे आषाढ-श्रावणात तो पाणी पिऊन बसला म्हणजे ती घट आणखी वाढते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. उन्हाळ्यात सुरळीत चालणारा कॅमेरा पावसाळ्यात का रुसतो, हे कोडे ज्या घरी पडले असेल तेथे प्रथम ओल्या भिंतीचा संशय घ्यावा. पोलादी कपाट, मोठा आरसा, पत्र्याचे दार या वस्तू तर लहरींना आरपार जाऊच देत नाहीत; आणि फायबरची तार जेथून आत आली तेथेच, टीव्हीमागे, कपाटाच्या आडोशाला राउटर ठेवण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी राउटर हलवावा. तो पडवीच्या दिशेच्या दाराजवळ, जमिनीपासून पाचसहा फूट उंच, मोकळ्या जागी ठेवावा आणि त्याच्या अँटेना उभ्या कराव्यात. मग मोबाइलवर सिग्नल मोजणारे एखादे मोफत ॲप घेऊन ऐन कॅमेऱ्याच्या खांबापाशी उभे राहावे. आकडा उणे 65 च्या आसपास असेल तर निश्चिंत असावे. उणे 80 कडे झुकला असेल तर तेथे कॅमेरा नीट चालणे कठीण. प्रत्येक 10 ची घसरण म्हणजे शक्ती एकदशांशावर येणे, हे ध्यानी घेतले तर राउटर दोन हात सरकवून मिळालेल्या पाचसात अंकांचे मोल कळते.

बहुतेक घरगुती कॅमेरे 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात. ही लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची. ती 5 गिगाहर्ट्झच्या आखूड लहरीपेक्षा भिंतींतून अधिक दूर जाते, तेव्हा दोन्ही पट्ट्यांना निराळी नावे देऊन कॅमेरा पहिल्याशीच जोडावा. शहरातील सोसायटीत मात्र या पट्ट्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची दाटी असते; तेथे राउटरच्या सेटिंगमध्ये 1, 6 किंवा 11 यांपैकी कमी गर्दीचा चॅनल निवडावा आणि त्याची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवावी.

एवढे करूनही भागले नाही, तर लोक एक्स्टेंडर आणतात आणि तो थेट कॅमेऱ्याशेजारी लावतात. जेथे सिग्नल मुळातच क्षीण आहे तेथे लावलेला एक्स्टेंडर त्या क्षीणतेचाच विस्तार करतो. त्याची जागा राउटर आणि कॅमेरा यांच्या मध्यावर, सिग्नल अद्याप सशक्त आहे अशा खोलीत. शिवाय साधा एक्स्टेंडर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्यावरच पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. माझ्या मते जाड भिंतींच्या घरात खरा बंदोबस्त तारेचाच. माजघरातून वाशांच्या कडेने पडवीपर्यंत नेटवर्कची केबल ओढून तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट बसवावा; अशी केबल 100 मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते. फाटक किंवा गोठा घरापासून अलग असेल, तर तेथवर उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नये, कारण कोकणातील गडगडाटी पावसात जवळपास वीज पडली तर त्या तारेतून राउटर आणि कॅमेरा दोन्ही जळण्याचा धोका असतो. त्या अंतरासाठी फायबर टाकून घ्यावी.