चिचांब्याचे आठ स्वार आणि शस्त्रबंदीचा कायदा

रिसोडजवळच्या चिचांबा गावी १५ जानेवारी १८५९ रोजी जी चकमक झाली, ती वाशीम जिल्ह्यातही आता फार कुणाला ठाऊक नाही. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आल्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. निजामाच्या मुलखात पसरलेल्या रोहिल्यांची, म्हणजे भाडोत्री पठाणांची, एक टोळी लूट घेऊन चिचांब्याला आली होती. हैदराबाद कन्टिन्जन्ट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामी फौजेच्या दुसऱ्या घोडदळातला कॅप्टन हर्बर्ट क्लॉगस्टन अवघ्या आठ स्वारांनिशी तिच्यावर तुटून पडला. रोहिल्यांना त्याने गावात परत रेटले आणि शेवटी त्यांना लूट टाकून द्यावी लागली. आठांपैकी सात स्वार पडले, तो स्वतः जबर जखमी झाला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी शिपायांना हे पदक १९११ पर्यंत मिळूच शकत नव्हते, म्हणून पडलेल्या सात जणांचा पदकाच्या मजकुरात नुसता आकडा आहे. नावे नाहीत, आणि हे मला आजही खुपते.

चिचांब्याआधी चाळीस वर्षे याच टापूत मोठी लढाई झाली होती. वाशीम-पुसदच्या डोंगरातल्या हटकरांचा नायक नोवसाजी नाईक १८१९ मध्ये उमरखेडपुढे निजामाच्या कवायती फौजेशी लढला. त्या फौजेच्या मेजर पिटमनने त्याला हरवले, मग त्याच्या नोव्हा गढीला वेढा घालून ती हल्ल्याने घेतली. गढीतली माणसे मोठ्या संख्येने मारली गेली. नोवसाजीकडे शस्त्रांची वाण नव्हती. तोफा, रसद आणि महिनोन्‌महिने पगार देत राहणारी तिजोरी हे सारे मात्र पलीकडच्या बाजूला होते. हीच फौज पुढे हैदराबाद कन्टिन्जन्ट झाली आणि तिच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिले. म्हणजे बंदोबस्त करणाऱ्या फौजेचे पैसे ज्यांचा बंदोबस्त व्हायचा त्यांच्याच शेतसाऱ्यातून निघू लागले.

शस्त्रबंदी आली ती पुढे, १८५७ च्या बंडाच्या पाठोपाठ. पहिला कायदा त्याच वर्षीचा, दुसरा १८६० चा. सगळ्यांत पक्का १८७८ चा अकरावा कायदा, व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. दख्खनमध्ये दुष्काळाने माणसे मरत असताना सरकारला बंदूक आणि छापखाना या दोहोंची एकदमच धास्ती वाटावी, यात सगळे आले. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला सूट. कायद्यातले खरे विष या भेदात होते.

बंड मात्र थांबले नाही. कायद्याला वर्ष होण्याआधीच, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना घेऊन पुणे जिल्ह्यात धामारीवर धाड घातली. पैसा आणि माणसे कमी पडली तेव्हा ते हैदराबाद मुलखात रोहिले भरती करायला गेले. जुलैत ते पकडले गेले. पुढे नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला मारले, ते लंडनहून लपवून आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाने. चितगावला १९३० मध्ये क्रांतिकारकांनी शस्त्रागार लुटले, बंदुका हाती आल्या आणि काडतुसेच सापडली नाहीत. मला यातून एवढेच दिसते, की शस्त्रबंदीने क्रांती लांबत असेल, पण असंतोष जिरत नाही. आणि बंदूक मिळाली म्हणून राज्यही उलथत नाही.

तरी या कायद्याचा अपमान एवढा खोल होता, की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी त्याचीच आठवण देऊन तशी दुरुस्ती मांडली. कामत मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले, म्हणजे वाशीम ज्या प्रांतात होते त्याच प्रांताचे सभासद. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. परकी सरकार हा हक्क नाकारत होते तेव्हा तो मागणे रास्त होते. आता तो सरसकट दिला तर चोरदरोडेखोरही त्यावर बोट ठेवतील, असा त्यांचा रोख होता. मला आंबेडकरांचे पटते. गावकुसाबाहेर राहणाऱ्याला बंदुकीचा हक्क कागदावर मिळाला असता, तरी बंदूक गढीवरच राहिली असती.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने गोऱ्या-काळ्याचा भेद पुसला. परवाना राहिला, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूदही. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या आसपास रोही आणि रानडुकरे तूर-हरभऱ्यात शिरतात, तेव्हा हे कलम शेतकऱ्याच्या कामाचे वाटते. पण परवाना हातात असला तरी वन्यजीव कायद्याची परवानगी नसेल, तर त्या बंदुकीने रानडुकराला मारता येत नाही. रात्रीची जागल संपत नाही, आणि मळणीला नुकसानीचा हिशेब शेतकऱ्यालाच मांडावा लागतो.