आंबोलीचा भेक आणि कारध्याची बोडी

मृगाचा पाऊस झाला की कारध्याच्या भातबांध्यांत व बोड्यांच्या काठी बेडकांचा आवाज घुमू लागतो. वैनगंगेच्या तीरावरील शेतकऱ्याला हा आवाज इतका परिचित आहे, की तो कधी थांबेल अशी शंकाही त्याच्या मनात येत नाही. परंतु ज्याला राहण्यास अगदी थोडी जागा उरली आहे, असा एक भेक याच राज्यात आहे. त्याची हकीकत शेतकरी बंधूंनी जाणून घेण्यासारखी आहे.

डबके गेले, भेक गेला

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे ७०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथील जांभ्या दगडाच्या सड्यांवर व लगतच्या रानात सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा हा भेक राहतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले आणि कुशीवरील पिवळ्या पट्ट्यांवरून त्यास वाघाचे नाव दिले. पावसाळ्याच्या आरंभी खडकावरील उथळ डबक्यांत मादी अंडी घालते. डबके आटण्यापूर्वी पिलांची वाढ पुरी झाली तरच पुढील पिढी जगते. सडा फोडून रस्ता वा इमारत झाली की ही डबकी नाहीशी होतात; उरलेल्यांपैकी कित्येक भेक पावसाळी रात्री वाहनांखाली चिरडतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची गणना अतिसंकटग्रस्तांत केली. १९६३ साली वर्णिलेला त्याचा भाऊबंद, कोयनेचा भेक, हाही संकटग्रस्त ठरला.

आपल्या गावी काय करावे?

बेडकाला दोन घरे लागतात : अंड्यांसाठी पाणी व विसाव्यासाठी ओलसर जमीन. त्यांपैकी एक जरी मोडले तरी त्याचा वंश खुंटतो. तलावांच्या भंडारा जिल्ह्यात ही दोन्ही घरे अद्याप शेजारी शेजारी आहेत. रात्रभर बांधीतील किडे खाणारा हा सोबती राखण्यास खर्च लागत नाही. पुढील काळजी मात्र घ्यावी.

१. फवारणीचा पंप व औषधाचे डबे बोडीत धुऊ नयेत. बेडकाची त्वचा पातळ असल्याने पाण्यातील विष तिच्यावाटे शरीरात भिनते.

२. बोडीच्या काठचे व धुऱ्यांवरील गवत जाळू नये. काही पट्टा राखून ठेवावा.

३. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालील पाला पेटवू नये, झाडून बाजूस करावा. उन्हाळ्यात बेडूक त्याखालीच ओलावा धरून असतात.

४. गावठाणातील व रानाच्या कडेची पावसाळी डबकी मुरूम टाकून बुजविण्यापूर्वी त्यांत अंडी वा पिले आहेत काय, हे पाहावे. असल्यास ते काम पावसाळ्यानंतर करावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच्या सभेत हा विषय मांडावा व गावातील कोणत्या बोड्यांत बेडूक अंडी घालतात, याची नोंद करून ठेवावी. आंबोलीच्या सड्यावरील डबके पुन्हा घडविता येत नाही. कारध्याची बोडी राखणे मात्र गावाच्या हाती आहे.