पडदा आणि पुरावा – लेखांक ७ : दोन कोटी वर्षं आणि हवामानाचा अंदाज

‘द इमिटेशन गेम’वर लिहा, असा आग्रह गेले काही आठवडे चाकूरच्या वाचकांकडून होत होता. त्यातले बरेच जण लातूरला क्लासला जाणारे, रोज एसटीने ये-जा करणारे. सिनेमा मोबाइलवर पाहिलेला, संवाद तोंडपाठ, आणि बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यावरून पडलेले दोन तट. एका तटाचं म्हणणं, ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने एकट्याने हिटलरला हरवलं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, “सर, पिक्चरवाल्यांनी लई फेकलंय.” गावात सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे वायरलेसवरचा संदेश म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाद होता तो आकड्यांवरून.

सिनेमात सांगतात की एनिग्मा या जर्मन संकेतयंत्राच्या जुळण्या १५९ वर अठरा शून्यं इतक्या आहेत. दहा माणसं रात्रंदिवस दर मिनिटाला एक जुळणी तपासत बसली तर दोन कोटी वर्षं लागतील. एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. दहा माणसं वर्षाला तपासणार ५२ लाख ५६ हजार जुळण्या. त्या आकड्याने १५९ वर अठरा शून्यं भागली, तर उत्तर येतं सुमारे ३० लाख कोटी वर्षं. दोन कोटी कुठे आणि ३० लाख कोटी कुठे! मीही आकडेमोड करून पाहिली. पोरगा बरोबर आहे. पटकथेला ऑस्कर मिळालं, भागाकाराला मिळालं नसतं.

पण सुरुवातीचा आकडा खरा आहे, आणि तो येतो कुठून ते पाहिलं की सगळा खेळ कळतो. एनिग्मा दिसायला टाइपरायटरसारखं. आत तीन फिरती चाकं, पाच चाकांतून निवडलेली. निवड आणि क्रम मिळून ६० प्रकार. प्रत्येक चाकाच्या २६ स्थिती, म्हणजे तिन्ही मिळून १७,५७६. दोन्हींचा गुणाकार १० लाख ५४ हजार ५६०. आकडा मोठा आहे, पण आवाक्याबाहेरचा नाही. पुढच्या बाजूला मात्र तारांची पाटी असे. दहा तारांनी वीस अक्षरं जोडीजोडीने अदलाबदल करायची. या पाटीच्या एकट्या जुळण्या १५० लाख कोटी. एनिग्माचा दरारा होता तो मुख्यतः या पाटीमुळे.

आपल्याकडच्या जुन्या गुप्त लेखनाशी याची तुलना केली तर फरक लगेच लक्षात येतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. या पोथ्या कित्येक शतकं पंथाबाहेरच्या कुणाला वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे या संशोधक मंडळींच्या हाती किल्ली आली आणि मराठीतलं आद्य गद्य आपल्यासमोर उघडलं. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, आणि ते ठरलेलं. अशा लिपीत कोणतं चिन्ह सारखं सारखं येतं ते मोजत गेलं की वाट सापडते. एनिग्मात हे मोजणं फुकट जातं, कारण प्रत्येक कळ दाबली की चाक एक घर पुढे सरकतं. ‘ए’ तीनदा दाबला तर तीन वेगळी अक्षरं उमटू शकतात. वर मध्यरात्री सगळी जुळणी बदलायची.

मग फुटलं कसं? सिनेमात त्याचं उत्तर दारूच्या गुत्त्यात, एका मुलीच्या सहज बोलण्यातून मिळतं. ट्युरिंग धावत सुटतो, आणि त्याच रात्री यंत्र बोलू लागतं. प्रसंग जबरदस्त वठलाय, टपरीवरच्या दोन्ही तटांचा तो आवडता. पण खरं उत्तर त्याहून रंजक आहे असं माझं मत.

एनिग्मात एक खोट होती. कोणतंही अक्षर स्वतःच्याच रूपात कधीच बाहेर पडत नसे. ‘ई’ दाबला तर ‘ई’ सोडून काहीही येईल. शिवाय जर्मन लष्करी लिहिणं ठरीव साच्यातलं. हवामानाच्या संदेशात ‘वेटर’ हा शब्द असणारच. जर्मनमध्ये त्याचा अर्थ हवामान. समजा, पकडलेला संदेश असा आहे: के टी ई एक्स ई पी क्यू झेड. त्याखाली डब्ल्यू ई टी टी ई आर ठेवून पाहा. पाचव्या जागी वर ‘ई’, खाली ‘ई’. अशक्य. शब्द एक घर उजवीकडे सरकवा. आता दुसऱ्याच जोडीत ‘ई’खाली ‘ई’. हेही बाद. आणखी एक घर सरकवा: डब्ल्यूवर ई, ईवर एक्स, टीवर ई, टीवर पी, ईवर क्यू, आरवर झेड. एकही टक्कर नाही. म्हणजे शब्द इथे असू शकतो. कागद-पेन्सिलीने, यंत्राला हात न लावता, दोन शक्यता कटल्या.

पुढचं काम ट्युरिंगच्या ‘बॉम्ब’ नावाच्या यंत्राचं. सिनेमा त्याला ‘क्रिस्टोफर’ म्हणतो. पहिल्या यंत्राचं खरं नाव ‘व्हिक्टरी’, ते मार्च १९४० मध्ये बसवलं. जुळलेल्या अशा अक्षरांच्या साखळ्या लांब संदेशात फिरून स्वतःपाशी येतात. त्या साखळीतल्या एका अक्षराबद्दल एक गृहीत धरायचं आणि वीज सोडायची. चाकांची स्थिती चुकीची असेल तर ‘हे अक्षर याला जोडलंय’ आणि ‘याला नाही, त्याला जोडलंय’ असा विरोध तारांतच उभा राहतो आणि ती स्थिती बाद होते. तारांच्या पाटीच्या १५० लाख कोटी जुळण्या एकेक तपासायची गरजच उरत नाही. तपासायच्या फक्त चाकांच्या साडेदहा लाख. त्या मुलाला मी हेच सांगितलं: तुझा भागाकार बरोबर आहे, पण ट्युरिंगने भाज्यच बदललं.

आता दुसऱ्या तटाचं ऐकू. युद्ध सुरू व्हायच्या कितीतरी आधी, १९३२ मध्ये, पोलंडच्या मारियन रेयेव्स्की या तरुण गणितज्ञाने एनिग्माच्या आतली तारजोडणी गणिताने शोधून काढली होती. रुझित्स्की आणि झिगाल्स्की हे त्याचे दोन सहकारी. संदेशाची किल्ली शोधणारी यंत्रं पोलंडने तीसच्या दशकातच बनवली. जुलै १९३९ मध्ये वॉर्सॉजवळच्या पिरीच्या जंगलात त्यांनी ब्रिटिश आणि फ्रेंच अधिकाऱ्यांना बोलावून सगळं शिकवलं. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला हिटलर पोलंडमध्ये घुसला, आणि चार तारखेला ट्युरिंग ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या संकेत फोडण्याच्या केंद्रात रुजू झाला. सिनेमात पोलंडच्या वाट्याला येतो एक ओझरता उल्लेख. पिरीच्या त्या बैठकीला ब्रिटनतर्फे जातीने गेलेला अधिकारी ॲलिस्टर डेनिस्टन, आणि सिनेमात खलनायक केलाय तो नेमका त्याला! ही मला सगळ्यात खटकणारी गोष्ट आहे.

बाकी गफलती भराभर सांगतो. ‘बॉम्ब’ला धार आली ती गॉर्डन वेल्चमनच्या सुधारणेने, सिनेमात तो नाहीच. यंत्र प्रत्यक्ष घडवलं हॅरॉल्ड कीन या अभियंत्याने. रशियाचा हेर जॉन केर्नक्रॉस ब्लेचलीत होता हे खरं, पण ट्युरिंगच्या गटात नव्हता, आणि ट्युरिंगने त्याला पाठीशी घातलं हा तर सरळ सरळ आरोप आहे. कोणतं जहाज वाचवायचं, कोणतं बुडू द्यायचं हे संकेत फोडणारे ठरवत नव्हते. चर्चिलला मदत मागणारं पत्र गेलं ते ऑक्टोबर १९४१ मध्ये, एकट्या ट्युरिंगच्या नव्हे, चौघांच्या सहीने. युद्धाच्या अखेरीस ब्लेचलीत सुमारे नऊ हजार माणसं होती, त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश बायका; दोनशेच्या वर यंत्रं त्याच चालवत. पडद्यावर दिसते एकटी जोन क्लार्क. तिचं गणित, ट्युरिंगशी ठरलेलं आणि मोडलेलं लग्न, हे मात्र खरं आहे.

चाकूरच्या एका वाचक ताईंनी विचारलंय, “ट्युरिंगला शिक्षा नक्की कशाची झाली?” जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली, तक्रार त्याने स्वतःच दिली. चौकशीत एका तरुणाशी असलेले संबंध त्याने लपवले नाहीत, आणि १८८५ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. तुरुंगाऐवजी त्याने वर्षभराची हार्मोनची इंजेक्शनं पत्करली. सिनेमात तो त्यानंतर पार मोडून पडलेला, शब्दकोडंही न सुटणारा दिसतो. प्रत्यक्षात त्याच काळात तो प्राण्यांच्या अंगावरचे पट्टे आणि ठिपके कसे उमटतात याचं गणित मांडत होता; तो निबंध १९५२ चा, आणि जीवशास्त्रज्ञ आजही त्याचा आधार घेतात. इंजेक्शनं थांबल्यावर वर्षभराहून अधिक काळाने, ७ जून १९५४ ला, तो सायनाइडने गेला. राणीने माफी दिली २०१३ च्या डिसेंबरात. आपल्याकडचं ३७७ कलमही ब्रिटिशांनीच १८६० मध्ये घातलेलं. संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांपुरतं ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं.

ट्युरिंगचं भारताशी थेट नातंही होतं. वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी, आई पोदनूरची जन्मलेली, तिचे वडील मद्रासकडच्या रेल्वेत अभियंता. आईवडील भारतात नोकरीला आणि ॲलन व त्याचा भाऊ इंग्लंडमध्ये एका निवृत्त कर्नलच्या घरी, असं त्यांचं बालपण गेलं. युद्धात दिल्लीच्या आनंद पर्बतवरही ब्लेचलीची एक मोठी शाखा होती. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचे जपानी संदेश तिथे फोडले जात. त्यावर सिनेमा कुणी काढला नाही.

टपरीवरचा एक प्रश्न राहिला: ‘कोलोसस’ हा संगणकही ट्युरिंगचाच ना? नाही. तो लंडनच्या टपाल खात्यातल्या टॉमी फ्लॉवर्स नावाच्या अभियंत्याचा, आणि तो एनिग्मासाठी नव्हताच. त्याच्यावर पुढच्या आठवड्यात.