एकशे आठ मडकी आणि नावाचा एक रकाना

दलित साहित्याने शब्दांवरची मक्तेदारी मोडली, हे आता आपले विरोधकही मान्य करतात. सार्वजनिक जागेतल्या कलेविषयी मात्र आपली चर्चा पुतळ्यापाशी सुरू होते आणि पुतळ्यापाशीच संपते. पुतळ्याचे मोल मी कमी लेखत नाही. ज्या वस्तीला रस्त्याकडेची हातभर जागाही स्वतःची म्हणता येत नव्हती, तिने चौकात बाबासाहेबांना उभे केले, ही लहान गोष्ट नाही. पण पुतळ्याच्या पलीकडे चौकात आणखी काही उभे करता येते, ते कसे करतात, त्याला पैसा कोठून येतो, त्यावर नाव कोणाचे लागते, हे आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना कोणी सांगितलेले नाही. दोन वर्षांपूर्वी टोकावड्यात माझ्या विद्यार्थ्यांबरोबर मातीचे एक मोठे मांडणशिल्प करण्याच्या खटाटोपात मी पडलो. जे शिकलो, आणि जे चुकलो, ते येथे मांडतो.

एका शहरातील सार्वजनिक कलास्पर्धेचे पत्रक एका विद्यार्थ्याने आणले. अशा स्पर्धांची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. आधी कल्पनेचे टिपण, सोबत लहान प्रतिकृती किंवा रेखाटन, मग खर्चाचा अंदाज. परीक्षक काही प्रवेशिका निवडतात आणि त्यांनाच प्रत्यक्ष काम उभारण्याची परवानगी मिळते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात २००९ साली 'आर्टप्राइझ' नावाची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा अडीच लाख डॉलरचे पहिले बक्षीस परीक्षकांनी न ठरवता लोकांच्या मतांनी ठरले. हे वाचून माझे विद्यार्थी हरखले. मी त्यांना एवढेच विचारले, की आपल्या तालुक्यात मतदान घेतले तर पहिले बक्षीस कोणत्या देवाच्या मूर्तीला मिळेल? त्यांनी तीन नावे सांगितली.

माध्यम मातीच असावे, याबद्दल वाद झाला नाही. मुरबाड-शहापूरच्या मुलांना माती शिकवावी लागत नाही. अनेक घरे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. माझी आईही विटा वाहत असे. डोक्यावरची चुंबळ आणि तिच्याखाली विरळ झालेले केस ही माझी आईची पहिली आठवण आहे.

पण मातीला आणखी एक इतिहास आहे, आणि तो आपला आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात गाडगे बांधलेले असे, कारण त्याची थुंकीसुद्धा जमिनीवर पडता कामा नये. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी हे गाडगे आपल्या चित्रांत आणि मुद्राचित्रांत पुनःपुन्हा आणले आहे. धर्मशास्त्राचा भांड्यांविषयीचा नियमही पाहा. धातूचे भांडे विटाळले तर घासून, तापवून शुद्ध होते. मातीचे विटाळले तर ते फोडून टाकावे लागते. याच्या मुळाशी एक साधे पदार्थविज्ञान आहे. साध्या भाजणीची माती सच्छिद्र राहते. ती पाणी शोषते, म्हणूनच माठातले पाणी झिरपून गार होते. जे झिरपते ते धुऊन निघत नाही, हा अनुभव खरा आहे. त्या अनुभवावर माणसाच्या स्पर्शाची कल्पना चढवली, ही लबाडी. तीही किती सोयीची! माती कोणी खणली, चिखल कोणी तुडवला, बाजारात मडक्याला कोणाकोणाचे हात लागले, याची चौकशी होत नाही. मडके घरात जाऊन पाण्याने भरले, की मग विटाळ सुरू होतो. श्रमाला विटाळ नाही, उपभोगाला आहे.

कल्पना महाडवरून सुचली. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी प्यायल्यावर सवर्णांनी तळे 'शुद्ध' करून घेतले. तळ्यातले पाणी एकशे आठ मातीच्या घागरींनी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि मंत्रघोषात ते पुन्हा तळ्यात सोडले. तळ्यावरचा आपला हक्क उच्च न्यायालयाने मान्य केला तो १९३७ साली. सत्याग्रहाचे चित्र आपण नेहमी काढतो. त्या एकशे आठ मडक्यांचे कोणी काढत नाही. एका विद्यार्थ्याने सुचवले की तेवढीच मडकी घ्यावीत आणि त्यांची उतरंड रचावी. बारा-बारा मडक्यांच्या नऊ उतरंडी, प्रत्येक सुमारे नऊ फूट उंच.

'जातींची उतरंड' हा शब्द आपण भाषणात इतका वापरतो की स्वयंपाकघरातली खरी उतरंड विसरून जातो. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. प्रत्येक जात हा एक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडी नाही. उतरंडीत याहून थोडे वेगळे काही दिसते. सर्वांत मोठे मडके तळाशी असते आणि सगळा भार तेच घेते. वरचे लोटके रिकामे असले तरी उंचावर असते. तळाच्या मडक्यातले धान्य काढायचे तर वरची सगळी एकेक करून उतरवावी लागतात, दुसरा उपाय नाही. प्रभाकर कांबळे या चित्रकार-शिल्पकाराने हाच शब्द घेऊन मडक्यांवर मडकी रचलेली 'उतरंड' ही शिल्पे केली आणि २०२२ च्या बर्लिन द्वैवार्षिक प्रदर्शनात ती मांडली. आम्हाला हे काम अर्धे झाल्यावर कळले. विद्यार्थी थोडे खट्टू झाले. मला उलट बरे वाटले. एकच घरगुती वस्तू दोन ठिकाणी दोघांना तेच सांगत असेल, तर ते त्या वस्तूतच आहे.

आता कृतीविषयी. जवळच्या गावातले एक वयस्कर कुंभार तयार झाले. त्यांचे चाक वर्षातून थोडेच दिवस फिरते: संक्रांतीची सुगडी, उन्हाळ्यातले माठ आणि मर्तिकाची मडकी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "सर, घाई केली तं आतल्या आत फुटंल." मी मान डोलावली आणि घाई केली. पहिल्या आव्यातल्या तीस मडक्यांपैकी अकरा फुटली. कारण समजून घेण्यासारखे आहे. वरून सुकलेल्या दिसणाऱ्या मडक्याच्या जाड बुडात ओल उरलेली असते. आच शंभर अंशांच्या वर गेली की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. ती बाहेर पडण्याइतकी वाट मातीत नसेल तर मडके फुटते. यानंतरही मातीच्या कणांशी रासायनिक रीतीने बांधलेले पाणी असतेच, ते साधारण पाचशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान निघून जाते. तेथपर्यंत पोचलेली माती पुन्हा भिजवून चिखल होत नाही. म्हणून पहिले काही तास नुसता धूर द्यायचा, जाळ नाही.

दुसरा हिशेब आटण्याचा. आमचा चिखल सुकून आणि भाजून साधारण दहावा हिस्सा आटत होता. अठरा इंचांचे मडके हवे तर ओले वीस इंचांचे करावे लागते. मोठे भित्तिशिल्प अखंड न करता तुकड्यांत करतात त्याचे कारण हेच: मोठा पत्रा आटताना स्वतःलाच ओढून तडकतो. के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३ साली लखनौच्या रवींद्रालयाच्या भिंतीवर नऊ फूट उंचीचे आणि ऐंशी फुटांहून लांब मृण्मय भित्तिशिल्प केले, तेही हजारो लहान तुकड्यांचे आहे. तिसरी गोष्ट, दहा-पंधरा नगांची भर आधीच धरावी. आणि प्रत्येक मडक्याच्या बुडाला ओलेपणीच छिद्र पाडावे, म्हणजे मधून लोखंडी सळई घालून खालच्या सिमेंटच्या ओट्यात ती पक्की करता येते. नऊ फुटांची उतरंड नुसत्या तोलावर चौकात ठेवणे म्हणजे एखाद्या पोराचा जीव घेणे. परदेशी पुस्तकांत बर्फाने भाजलेली माती उकलते म्हणून फार भीती घातलेली असते. तो प्रश्न आपल्याकडे नाही. आपला प्रश्न पावसाचा. माळशेजच्या पायथ्याशी जून लागला की चार महिने काही सुकत नाही.

कुंभारकाकांचा आवा मोठ्या मडक्यांना पुरेना. तेव्हा माझ्या वर्गातल्या एका कातकरी विद्यार्थिनीच्या आईवडिलांनी भट्टीवरच्या तुटक्या विटांची गोल भिंत रचून मोठा आवा केला. तूस, शेण्या आणि लाकूड कोठे किती, हे आईने ठरवले. तापमापक आमच्याकडे नव्हता. मावशी फटीतून आत पाहत आणि सांगत, अजून काळा लाल आहे, थांबा. तो नारिंगीकडे झुकला की आठशेच्या पुढे गेला, हे मी नंतर पुस्तकात पडताळले. त्या आव्यातली तीनच मडकी फुटली.

कच्च्या मडक्यांच्या आतल्या बाजूला विद्यार्थ्यांनी काडीने नावे कोरली: माती खणणाऱ्यांची, तुडवणाऱ्यांची, शेण्या देणाऱ्यांची. कच्च्या मातीवरची रेघ भाजल्यावर कायमची होते. २०१४ साली लंडनच्या टॉवरभोवती पहिल्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश आणि वसाहतींतल्या सैनिकांसाठी ८,८८,२४६ मातीची फुले लावली होती, प्रत्येक मृतामागे एक. एका वस्तूमागे एक माणूस, हा हिशेब विद्यार्थ्यांना तेथून मिळाला.

अर्जात मात्र 'कलावंताचे नाव' असा एकच रकाना होता. हा प्रश्न जगभर आहे. चीनचे आय वेवे यांनी २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. त्या जिंगदेझेन गावातल्या सुमारे सोळाशे माणसांनी हाताने रंगवल्या. नाव एकाचे. प्रेक्षकांनी त्यांवरून चालावे अशी योजना होती, पण उडणारी धूळ फुप्फुसाला अपायकारक म्हणून काही दिवसांतच ते बंद केले. प्रेक्षकाच्या फुप्फुसाची एवढी काळजी घेतली हे योग्यच झाले. वीटभट्टीवर सहा-सहा महिने तीच धूळ खाणाऱ्यासाठी कोणी दोरी बांधत नाही. बीरेंद्र यादव या चित्रकाराने तापलेल्या भट्टीवर चालताना कामगार घालतात त्या लाकडी पादुकाच कलादालनात मांडल्या, तेव्हा निदान पाय तरी दिसले.

आम्ही रकान्यात सतरा विद्यार्थ्यांसह सर्वांची नावे लिहून पुरवणी जोडली. मला वाटले, प्रश्न सुटला. तो तेथे नव्हताच. खर्चाचा अंदाज मीच लिहिला होता. लोखंड, सिमेंट, ट्रक, सगळे रुपयांत. मजुरीपुढे मी लिहिले होते 'श्रमदान'. हा शब्द मला शाळेत शिकवला होता आणि चांगला वाटत होता. ती विद्यार्थिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, आई सहा दिवस भट्टीवर गेली नाही. मालकाने ते उचलीत धरले. आईने दान कधी केले?"

उचल म्हणजे हंगामाआधी मालकाने दिलेली आगाऊ रक्कम. ती हजार विटांच्या दराने फेडायची. खाडे झाले की कर्ज वाढते आणि पुढच्या हंगामात त्याच भट्टीवर जाणे भाग पडते. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. तो मी वर्गात शिकवतो. आणि सहा दिवस मीच एका बाईकडून फुकट काम करून घेतले होते, तेही जातीच्या उतरंडीविरुद्धच्या शिल्पासाठी! त्या सहा दिवसांचे पैसे मी दुसऱ्या दिवशी दिले. मावशींनी ते मोजून घेतले, आभार मानले नाहीत, आणि ते बरोबर होते.

पुढे आयोजकांचे पत्र आले. प्रवेशिका आवडली, ती 'पारंपरिक हस्तकला' विभागात घेता येईल, टिपणातील महाडचा मजकूर मात्र कमी करावा. माझे मत नकाराचे होते. त्या मुलीचे होकाराचे. ती म्हणाली, "तुमचा पगार चालू आहे, सर. बक्षिसात उचल फिटेल." मी सैद्धांतिक उत्तर दिले. ते तिला पटले नाही आणि आज मलाही पुरते पटत नाही. मतदान घेतले. अकरा विरुद्ध सहा, नकार मंजूर झाला. नकार द्यायला ज्याला परवडतो तोच देतो, हे आपल्या चळवळीच्या ठरावांत लिहिलेले मी कधी वाचले नाही.

नऊही उतरंडी आता एका विहाराच्या आवारात उभ्या आहेत. छिद्र न पाडलेली जादा मडकी चौदा एप्रिलला कल्याण-नगर रस्त्यावरच्या पाणपोईला दिली, त्यांतली बहुतेक अजून वापरात आहेत. दुसऱ्या एका स्पर्धेचा अर्ज आम्ही भरायला घेतला आहे. या वेळचा अंदाज त्या मुलीने लिहिला असून पहिली ओळ मजुरीची आहे, भट्टीच्या रोजापेक्षा जास्त दराने. त्यामुळे मडकी साठच होतील. कल्पनेचे टिपण अजून व्हायचे आहे. चिखल मात्र दिवाळी झाल्याबरोबर भिजत घालावा लागेल.