रिव्हेटच्या आतली बाजू

निवृत्त झाल्यावर ह्यांनी विमान बांधायचं ठरवलं, तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांना ते रिमोटवर उडवायचं मॉडेल वाटलं. ओहायोतल्या आमच्या गॅरेजमध्ये आलेल्या खोक्यात मात्र दोन माणसांना घेऊन उडणाऱ्या आरव्ही-७ विमानाची शेपटी होती. शेपटी म्हणजे सुटे पत्रे, फासळ्या आणि रिव्हेटच्या पिशव्या.

हे किट बनवणारी ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ कंपनी ऑरेगन राज्यातली. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी ती १९७३ साली सुरू केली. घरोघरी बांधलेली आरव्ही जातीची अकरा हजारांवर विमानं आजवर उडाली आहेत. किट टप्प्याटप्प्याने घेता येतं: शेपटी, पंख, धड आणि शेवटची जुळणी. इंजिन आणि पंखा वेगळा घ्यायचा. शेपटी आधी घेण्यात शहाणपण आहे. खर्च कमी, आणि हे काम आपल्याला झेपणार का, हे तेवढ्यात कळून चुकतं.

पत्रा ॲल्युमिनियमचा, जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ. भोकं कारखान्यातूनच पाडून येतात. म्हणजे आता ठोकत सुटायचं, असं कुणाला वाटेल! आधी पत्रा फासळ्यांवर ठेवून क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिनांनी धरायचा. लहान भोकाला चंदेरी क्लेको, मोठ्याला तांबूस. मग भोकं नेमक्या मापाला ड्रिल करायची, सगळं पुन्हा सोडवायचं आणि प्रत्येक भोकाच्या कडेची बर, म्हणजे ड्रिलने उरलेली धातूची खरखर, काढायची. कडेला चरा राहिला तर विमानाच्या थरथरीने तिथूनच तडा जायला सुरुवात होते. नंतर भोकाभोवती खळगी पाडायची, म्हणजे रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसतं आणि वाऱ्याला अडत नाही. मग प्रायमर, परत क्लेको, आणि इतकं सगळं झाल्यावर रिव्हेट.

रिव्हेट मारायला बहुतेक ठिकाणी दोघं लागतात. बाहेरून हे हवेवर चालणारी गन रिव्हेटच्या डोक्यावर टेकवतात. पंखाच्या आत हात घालून मी पोलादी ठोकळा दुसऱ्या टोकाला दाबून धरते. फासळ्यांमधल्या चिंचोळ्या जागेत ह्यांचा पंजा मावत नाही, म्हणून आतली बाजू माझ्याकडे. एकमेकांचा चेहरा दिसत नाही.

“धरलंस?”

“हं, मारा.”

क्षणभर खडखडाट, आणि ठोकळ्याखालचं टोक चेपून त्याचं बसकं डोकं होतं. ठोकळा तिरपा झाला तर डोकंही कलतं. नीट बसलेलं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच असावं लागतं. त्याचं माप घ्यायला छोटी पट्टी मिळते. ती माझ्या ॲप्रनच्या खिशात असते.

“अहो, हा कललाय.”

“काढू या का?”

खरं कसब इथे लागतं. खराब रिव्हेट काढायचा तर डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल धरायचं, डोकं उडवायचं आणि दांडी हलकेच ठोकून बाहेर ढकलायची. ड्रिल जरा सरकलं की भोक मोठं होतं आणि पुढच्या मापाचा रिव्हेट घालावा लागतो. त्यामुळे थोडा उणा रिव्हेट पुष्कळदा तसाच ठेवलेला बरा. काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही, हे ठरवायला हाताइतकाच विवेक लागतो.

हे सगळं कायद्याच्या चौकटीत चालतं. बांधणीचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा विरंगुळा म्हणून केलेलं असलं पाहिजे, असा अमेरिकेच्या विमान प्रशासनाचा नियम आहे. पुरावा म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि नोंदी ठेवायच्या. शेवटी तपासनीस येतो. दाराजवळ किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’ लिहावं लागतं. त्यानंतर साधारण २५ किंवा ४० तास चाचणीची उड्डाणं. त्या काळात प्रवासी न्यायचे नाहीत, म्हणजे तोवर मीसुद्धा जमिनीवरच!

आपल्याकडे ही वाट अजून रुळलेली नाही. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मुंबईकरांनी पाहिलं. नोंदणी मिळायला मात्र २०१७ साल उजाडावं लागलं.

निवृत्तीनंतर कुणाच्या मनात हे घोळत असेल, तर एक सांगते. नुसतं उडायचं असेल तर जुनं विमान विकत घ्या. स्वस्तही पडेल आणि लवकरही. बर काढण्यात सकाळ गेली तरी ज्याला ती फुकट गेली असं वाटत नाही, त्याने खुशाल बांधायला घ्यावं. मात्र किटची ऑर्डर देण्याआधी आत ठोकळा धरणारं आणि “हा कललाय” असं तोंडावर सांगणारं माणूस शोधून ठेवा.